चार मात्रांचा लांडगा

कुडतरीत, फेस्ताच्या दुसऱ्या रात्री,
कापणी झालेल्या मळ्यात दोन माडांना
रोझालिनबाईची चादर ताणली होती.
मधली इस्त्रीची घडी गेलीच नाही,
त्यामुळे पडद्यावर जो येई
तो बेंबीपाशी जरासा मोडे.

मडगावहून गुणाकर प्रोजेक्टरवाला आला होता
तीन रिळं घेऊन. दोन संतांची.
तिसरं आमचं.

तिसऱ्यात तीन डुकरं.
आम्ही खिदळलो. डुकरं बघायला
चादर कशाला, बत्ती कशाला?
वाड्यावर फुकट दिसतात.
पण ही दोन पायांवर चालत होती,
आणि कुठलंसं विलायती, भारदस्त,
साठ व्हायोलिनांचं संगीत
त्यांच्या खुरांना घुंगरांसारखं बांधलं होतं.
एकानं गवताचं घर रचलं. आम्ही म्हटलं, चुडतांचं.
दुसऱ्यानं काटक्यांचं.
तिसरा विटा लावू लागला, तर मागून
कुणी पाडेली ओरडला,
"चिरे घे रे, चिरे!"

मग लांडगा.
आधी वाकून नमस्कार,
मग बाह्या सावरल्या, बैठकीतल्या बुवासारख्या,
छाती भरली, गाल भरले, डोळे
वाटाण्यासारखे बाहेर,
आणि खर्रर्र...
आवाज गेला.

चित्र चालूच.
लांडगा फुंकला. घर पडलं,
दुपारी दोरीवरचं धोतर पडतं तसं,
कुणाला न सांगता.
आता तो नुसता भुकेला होता,
बरगड्या मोजता येत होत्या,
आणि पुढे पळणारं ते पिल्लू
खरंच पळत होतं.
संगीत गेलं तशी थट्टाही गेली.
सावियोची धाकटी रडू लागली.
गुणाकर यंत्राला थपडा मारत होता
आणि त्याच्या आईबद्दल काही बोलत होता, यंत्राच्या.

तेव्हा बाकावरून इपोलित मेस्त उठले.
इगर्जीच्या शाळेत सोल्फेज शिकवायचे ते.
मी त्या शाळेतला नव्हे, खिडकीबाहेरचा;
आमच्या सारेगमला ते दो-रे-मी म्हणतात
हे मला गजांतून कळलेलं.
बारा वर्षं बोटीवर वाजवून आले होते,
सूप पिणाऱ्या लोकांसाठी.
पेटी उघडली. सूर लावत बसले नाहीत.
जिथे तुटलं होतं तिथून नव्हे,
लांडगा जिथवर पोचला होता
तिथून उचललं.

एकच व्हायोलिन. साठांचं काम.
काटक्यांचं घर पडलं ते मात्र सुरात पडलं,
काडी काडी वेगळी ऐकू आली,
आणि सावियोची धाकटी
रडता रडता हसली, नाकातून.

मग विटांचं घर.
लांडग्यानं छाती भरली, गाल भरले.
मेस्तांचा गज वर गेला
आणि वरच राहिला.
एक.
दोन.
मळाभर माणसं श्वास धरून,
नुसता जनरेटर.
तीन.
गुणाकरचा थपडेसाठी उचललेला हात.
चार.
आणि मग एका तारेवर, अगदी वरच्या टोकाला,
चिंऽऽ,
फुग्याची गाठ सुटावी तेवढं.
घर उभं. लांडगा उलटा.
आम्ही पेंढ्यावर लोळलो.

रात्री पेटीचा पट्टा बांधताना विचारलं,
मेस्त, तिथे थांबलात कसे?
"थांबलो कुठे? तिथे लिहिलंय, बाबा,
चार मात्रा काही वाजवू नकोस.
मी लिहिलेलं वाजवलं.
लांडगा वेळेवर आला, ही त्याची तालीम."

परवा पणजीत, मांडवीकाठच्या सभागृहात,
परदेशातला मोठा वाद्यवृंद,
काळे कोट, कुणी खोकत नाही.
तेच निघालं. मी ओळखलं ते खुरांवरून.
साठ गज वर गेले.
मी गाल भरून बसलो होतो, डोळे बाहेर काढून,
एक, दोन,
शेजारच्या बाईंनी
मांडीवरची पर्स उचलून
पलीकडे ठेवली.